गल्लीतून गेलेली हद्द

आई दुसऱ्यांदा नगरसेविका झाली तेव्हा मी लातूरला बारावीच्या क्लासला जात होते. जागा महिलांसाठी सुटली म्हणून अर्ज आईचा होता, पण मेंबर म्हणून लोक वडिलांनाच ओळखायचे. कुणी काम घेऊन आलं की आई पदर सारखा करून म्हणायची, "ह्यांना विचारा."

नगरपालिका होती तोवर वॉर्डाला एकच मेंबर असे. नाली तुंबली की लोक सरळ त्याच्या ओट्यावर जाऊन बसत. महापालिका झाली, वॉर्डांचे प्रभाग झाले, एकेका प्रभागाला चार-चार नगरसेवक आले आणि नेमकं कुणाला धरायचं तेच लोकांना कळेना. त्यात या निवडणुकीआधी प्रभागाची हद्द बदलली आणि ती आमच्या गल्लीतूनच गेली. आमची बाजू जुन्याच प्रभागात राहिली. समोरची बौद्धांची घरं शेजारच्या प्रभागात गेली.

समोर एक मावशी राहायची. सरकारी दवाखान्यात नर्स होती. पहिल्या निवडणुकीत आईला घेऊन घरोघर हिंडली ती हीच. हद्द बदलल्यावर तिचं मत आईला पडणार नव्हतं, तरी ड्युटी संपवून ती प्रचाराला यायची. आईला चार माणसांत बोलता यायचं नाही, तेव्हा मावशीच बोलायची.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आले तेव्हा नळ बंद पडून टँकर सुरू झाले होते. आमचा टँकर गल्लीत आला की दोन्ही बाजूंच्या बायका घागरी लावायच्या. एक दिवस वडिलांनी समोरच्या घागरी बाजूला काढायला लावल्या. आपल्याच लोकांना पुरत नाही, पलीकडच्यांनी आपापल्या मेंबरला धरावं, असं ते शांतपणे सांगत होते. मी टँकरचा पाइप धरून उभी होते.

मावशी वडिलांशी बोललीच नाही. ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"ताई, मत तिकडं होतं, तरी पाय तुमच्यासाठी झिजविले. पाणी भरू का नको, तेवढं तुमी सांगा."

आईनं वडिलांकडं पाहिलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. आई हळूच म्हणाली, "ह्यांना विचारा."

मावशीनं रिकामी घागर उचलली आणि ती गेली. माझ्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. मला मान वर करता येईना. वडिलांची लाज वाटली, त्याहून जास्त आईची वाटली, आणि आईची वाटते याचीही वाटली.

दुसऱ्या दिवशी वडील बाहेर पडल्यावर आई मला घेऊन समोर गेली. मावशीनं चटई टाकली, तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. इतक्या वर्षांत आईनं त्या घरी चहासुद्धा घेतला नव्हता. काहीतरी निमित्त काढून ती उठायची. त्या दिवशी तिनं तांब्या उचलला. दोन घोट प्याली आणि तिला रडू फुटलं. टँकर आला की भरत जा, मी उभी राहते, असं ती कसंबसं म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या ताई," मावशी म्हणाली. "आमच्या प्रभागाचा टँकर यायलाय उद्यापासून."

पुढच्या वेळी आई खरोखरच टँकरपाशी उभी राहिली. वडील रागावले तरी हलली नाही. समोरच्या बाकीच्या बायकांनी पाणी भरलं. मावशीची घागर आली नाही.

आता मी नांदेडला असते. मावशी अजून आमच्याकडं येते, आईची शुगर तपासते, माझ्या लेकरांची चौकशी करते. मागत मात्र काहीच नाही.