गाडीतली शिट्टी

देवळाली प्रवऱ्यात कानिफनाथांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पलटणीत ते वायरलेसवर होते. पासष्टच्या लढाईत जवळच तोफगोळा फुटला आणि तेव्हापासून बारीक आवाज त्यांना ऐकू येईनात. पेन्शनीवर गावी आले, पण कानांचं त्यांनी बायकोला, मनकर्णालाही सांगितलं नाही.

त्र्याहत्तर साली बन्सी आपली अँबेसिडर घेऊन आला. तो राहुरी ते शिर्डी भाडी मारायचा. गाडीत नवा रेडिओ बसवलेला, पण इंजिन सुरू केलं की गाण्यात टकटक व्हायची. हा इंजिनातल्या प्लगच्या ठिणगीचा त्रास, हे कानिफनाथांनी ओळखलं. प्लगच्या वायरींना तो आवाज दाबणारे सप्रेसर लावले. टकटक थांबली.

दुसऱ्या दिवशी बन्सी परत हजर.

"फौजी, टकटक गेली, पन शिट्टी तशीच हाय."

"कसली शिट्टी?"

"ही काय, वाजतीया की."

कानिफनाथांनी स्पीकरला कान लावला. गाणं ऐकू आलं, शिट्टी नाही. ते उठले. मग मागच्या घरात गेले.

"मनकर्णा, गाडीत येऊन बस. काय वाजतंय ते सांग."

"मी? आन् तुमी?"

"मला बारीक ऐकू येत न्हाई. लढाईपासनं."

मनकर्णा त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हून हाक मारली तरी गप बसायचा व्हय. मला वाटायचं, माझ्यावर राग हाय."

ती येऊन पुढच्या सीटवर बसली. मोटारीत बसायची तिची ती पहिलीच वेळ.

बन्सीनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला. "शिट्टी चढती," ती म्हणाली. शिट्टी हवेतून येते का बघायला कानिफनाथांनी एरियल काढली. शिट्टी होतीच, मनकर्णानं सांगितलं. मग बॅटरी भरणाऱ्या डायनामोचा पट्टा काढून क्षणभर इंजिन चालवलं.

"गेली."

म्हणजे दोष डायनामोकडून येत होता. त्यांनी तिथं असा आवाज गिळणारा कंडेन्सर बसवला.

"कमी झाली. पन हाय."

मग पत्र्याला पत्रा भिडावा म्हणून त्यांनी रेडिओ गाडीला जोडणाऱ्या पट्टीखालचा रंग खरवडला आणि अर्थची वायर नीट आवळली. मनकर्णानं डोळे मिटले.

"आता नुसतं गानं हाय."

पुढं गाडीचा रेडिओ आला की कानिफनाथ तिला बोलावून घेत. काही जण हसले, त्यांनी मनावर घेतलं नाही. घरात मनकर्णा त्यांच्यासमोर उभी राहून मोठ्यानं बोलू लागली. शेजारच्या केशरबाईंना वाटलं, दोघांचं भांडण लागलंय; समजूत घालायला त्या आल्या आणि चहा पिऊन गेल्या.