शेळीच्या तोंडचा शेवगा

सूनबाईनं परवा शेवग्याच्या पानांची भुकटी मागवली. चकचकीत डबी, वर मोठ्या अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट'. किंमत ऐकून मी गप्प बसले, आणि माझं गप्प बसणं आमच्या घरात विरळाच. डबी बघून त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातला मुरुमचा प्रवास आठवला. त्या बाजूला जायचा बेत असेल तर वाचा. रस्ता सांगते, आणि तिथं काय घडलं तेही.

तेव्हा मी सोलापुरात शाळेत शिकवत होते. धाकट्या बहिणीचा, सुमनचा, तिच्या गावच्या माणसाकडून निरोप आला: "अक्का, दिवेलागणीनंतर मला दिसत नाही. लवकर या." ती पोटुशी होती. शाळेला सुट्टी होती, सकाळची एसटी धरली.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं नळदुर्ग, पुढं येणेगूर, मग मुरुमचा फाटा. आता गाडीनं निवांत जाता येतं. तेव्हा पोचेपर्यंत दुपार कलली. नळदुर्गला किल्ला बघायला जरूर थांबा, पण पावसाळा सरल्यावर. मी गेले तेव्हा नदीत नुसती धूळ होती. स्टँडवर भाकरी आणि शेंगाचटणी घेतली, पण तशीच बांधून ठेवली. रस्ताभर दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या आणि प्रत्येकीत मला सुमनच दिसत होती.

मुरुमपासून पुढं पायी. सुमनचं सासर बौद्ध वस्तीत: दोन खोल्या, अंगणात शेळी, आणि सांडपाण्याच्या मोरीवर वाढलेला शेवगा. सगळ्या शिवारात तेवढंच हिरवं.

तिच्या सासूबाईंनी मला पाणी दिलं आणि लगेच तोफ डागली. "दिवसा दिसतंय अन् सांजंला न्हाय, असं कुठं असतंय व्हय? माहेरी जायाचं निमित्त हाय हे."

माझा पारा चढला, पण उत्तर दिलं असतं तर भोगायचं सुमनला. दुसऱ्या दिवशी तिला मुरुमच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. "रातांधळेपणा आहे. असंच चाललं तर दिवसाही दिसायचं नाही. हिरव्या पाल्यात एक पिवळं द्रव्य असतं, त्यातून शरीर डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व करतं. पोटात बाळ असलं की ते जास्त लागतं. पालेभाजी खाता का?"

"दुष्काळात भाजी कुठली?" मी म्हटलं.

सुमन खाली बघत म्हणाली, "शेवगा हाय की. पाला शेळीला घालतेत. आत्या म्हनत्यात, गरवारबाईला उष्ण पडतंय." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई.

थोडं औषध मिळालं. रोज मूठभर पाला, तेलात परतून, असं बजावून डॉक्टरांनी आम्हाला वाटेला लावलं.

घरी येऊन मी फांदीला हात घातला, तशा सासूबाई आडव्या आल्या. "हात लावायचा न्हाय! माझ्या लेकीचं पोर सहाव्या म्हयन्यात गेलं. शेवगाच खाल्ला हुता तिनं. डोळं गेलं तर मी धरून चालवीन हिला. पोट रितं झालं तर काय करू?"

आता त्यांचा राग येईना, भीतीच वाटायला लागली. त्या दुष्ट असत्या तर भांडता आलं असतं.

दिवेलागण झाली. शेळी ओरडायला लागली. सुमन पाल्याची पेंढी घेऊन भिंतीच्या आधारानं निघाली. सासूबाई तिच्या वाटेतच उभ्या राहिल्या, हलल्या नाहीत, बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता हिचं सोंग उघडं पाडणार. सुमन सरळ त्यांच्या अंगावर गेली. पुढं केलेला हात त्यांच्या तोंडाला लागला. ती दचकून म्हणाली, "कोन हाय?"

रोज जिच्या हातची भाकरी खायची, तिला हातभर अंतरावरून ओळखलं नाही पोरीनं. सासूबाईंनी तिचा हात गालावरच धरून ठेवला. मग पेंढी काढून घेतली आणि चुलीकडं गेल्या.

"पर आधी म्या खानार," त्या आतून ओरडल्या. "उष्ण पडलं तर मला कळंल."

म्हातारीनं दोन दिवस एकटीनं पाला खाल्ला. तिसऱ्या दिवशी सुमनच्या ताटात वाढला, आणि ती जेवेपर्यंत समोरून उठली नाही. मी सुट्टीभर राहिले. रोज सांज झाली की सुमन भिंत चाचपत चालायची आणि आम्ही दोघी बघत राहायचो. एका संध्याकाळी ती चौकटीतूनच म्हणाली, "आत्या, पदराला राख लागलीय तुमच्या." सासूबाई मटकन खाली बसल्या आणि रडल्या. मीही रडले.

येताना त्या शेवग्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि अंगणात लावली. आज सोलापुरातलं आमचं अंगण तिच्या पाल्यानं भरतं, सूनबाई तो झाडून टाकते आणि डबीतली भुकटी चमच्यानं मोजून घेते.

हे सांगायला सुमनला फोन केला. पोटातलं ते बाळ सुखरूप जन्मलं, तिला आता नातवंडं आहेत. आधी खूप हसली. म्हणाली, "शेळी तरी पाळा, अक्का." मग म्हणाली, "आत्या असत्या तर ती भुकटी आधी त्यांनी खाऊन बघितली असती."