बाबांचं दणकट हृदय

माझ्या बाबांना बीपी आहे हे त्यांच्याखेरीज अख्ख्या पिंपळगाव राजा गावाला मान्य होतं. चक्कर नाही, डोकेदुखी नाही, मग गोळी कशाला, हा त्यांचा बिनतोड सवाल. तशी गोळी ते घेत. आठवण झाली की. आणि आठवण मी माहेरी गेले की होई. सत्तरी उलटल्यावरही शेतात पायी जाणारा माणूस आजारी असेलच कसा?

मग गेल्या वर्षी शेताची सपाट वाट अचानक चढाची झाली. निदान बाबांचं म्हणणं तसं होतं. अर्ध्यात थांबून ते धापा टाकत आणि कुणी विचारलंच तर सांगत, "कापूस पाहून राह्यलो." संध्याकाळी सुजलेले पाय चपलेत शिरेनात, तर चपला आखडल्या होत्या. आडवं झालं की दम लागे, म्हणून उशीवर उशी चढत गेली आणि शेवटी ते जवळजवळ बसूनच झोपू लागले. तो दोष उशांचा. एक शरीर तेवढं निर्दोष होतं.

आईचा फोन आला, "तुझे बाबा बसून झोपून राह्यले. तू ये अन् ने त्याइले दवाखान्यात."

मी दोघांनाही खामगावला नेलं. डॉक्टरांनी बाबांचा इको केला आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "काका, हृदयाची भिंत चांगलीच जाड झालीय."

बाबा खूश. "होईनच ना! जवानीत आखाडा गाजवला हाय मी."

"दंड जाड झाला तर ठीक," डॉक्टर म्हणाले. "हृदयाचं तसं नसतं. वाढलेल्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं रक्त ढकलून ते जाड आणि ताठ झालंय. वयानं ते आणखी ताठतं. आवळलं जातंय व्यवस्थित, पण सैल पडत नाही, त्यामुळे त्यात रक्त पुरेसं भरत नाही. मग मागे दाब वाढतो आणि पाणी फुप्फुसात, पायात साचतं."

"म्हणजे ताकद हाय ना?"

"ताकद आहे. नरमाई नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं मत पहिल्यांदाच यंत्रानं सिद्ध झालं होतं.

मग डॉक्टरांनी सहज तिच्याही दंडाला पट्टा बांधला. तिचं बीपी आजवर कुणी मोजलंच नव्हतं. ते बाबांपेक्षा जास्त निघालं.

"तुले काऊन बीपी?" बाबा चकितच झाले. "तुले कशाचं टेन्शन?"

डॉक्टर उगाचच टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

औषधांनी अंगातलं पाणी उतरलं, बाबांचा दम कमी झाला, ते पुन्हा आडवे झोपू लागले. जाडी पूर्ण जाईलच असं नाही, पुढे वाढू द्यायची नाही एवढंच आपल्या हातात, असं डॉक्टरांनी सांगितलंय. बाबांनी ते इतकं मनावर घेतलंय की भाजीतल्या मिठावर ते आता गावभर प्रवचनं देतात. बीपीचा शोध जणू त्यांनीच लावला.

सकाळी स्वतःची गोळी झाली की ते आईची गोळी तिच्या हातावर ठेवतात आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत.

"हा एक नवाच ताप," आई म्हणते. पण पाण्याचा गिलास त्यांच्याच हातून घेते.