उडीबाईचं दार

तिचं खरं नाव क्लबात पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. मैदानाच्या माळ्यापासून गोलकीपरपर्यंत सगळे तिला उडीबाई म्हणत. ती स्वतः उडी मारणाऱ्यातली नव्हती. जिना चढताना दम लागला की मधल्या वळणावर थांबून भिंतीवरचे जुन्या संघांचे फोटो फार आस्थेने बघायची, एवढाच तिचा व्यायाम.

फुटबॉल क्लबात नोकरी लागली तेव्हा मावशीने विचारलं होतं, "कुठल्या जागेवर खेळतेस गं?"

"खुर्चीवर, मावशी."

बाबा तर पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "खेळाच्या नादाने बिघडलेली पोरं पाहिलीत. न खेळता बिघडलेली तूच पहिली."

पण तिला धंदा कळत होता. तिकिटं खपवणं, शर्टाच्या पाठीवर कुणाचं नाव छापायचं ते ठरवणं, दुकानदारांना गोड बोलून मैदानाभोवती फलक लावायला भाग पाडणं, हे सगळं ती करायची. तरी स्टँड रिकामे ते रिकामेच. शेवटी तिने एका गादी कंपनीच्या मालकांना गाठलं आणि एक कल्पना गळी उतरवली. सामन्याच्या दहाव्या मिनिटाला लाउडस्पीकरवर ढोल वाजेल आणि अख्खा पूर्व स्टँड एकदम उडी मारेल. समोरच्या फलकावर अक्षरं झळकतील : उडा बिनधास्त, खाली आमची गादी आहे!

खाली गादी नव्हती. खाली उडीबाईचं ऑफिस होतं.

उडीने गावाला वेड लावलं. लोक संघासाठी येईनात, उडीसाठी यायला लागले. बाबासुद्धा आपलं पेन्शनर मित्रमंडळ घेऊन पूर्व स्टँडमध्ये बसू लागले, नेमके तिच्या डोक्यावर. "ही उडी आमच्या मुलीची," असं ते शेजारच्यांना सांगत, आणि गुडघ्याला पट्टा बांधून उडत.

मग एका सामन्यानंतर ऑफिसचं दार चिकटलं.

सुतार आला. दाराला थोपटत म्हणाला, "लाकूड आहे ताई, माणसासारखंच. वय झालं की फुगतं." त्याने रंधा मारला, दार लागायला लागलं. पुढचा सामना झाला, पुन्हा चिकटलं. पुन्हा रंधा. तिसऱ्या खेपेला सुतार म्हणाला, "आता अजून तासलं तर खिडकी होईल याची." ती मनापासून हसली. संघ बाहेरगावी खेळायला गेला, त्या आठवड्यांत दार अगदी गुणी बाळासारखं वागलं. परतल्यावर पहिल्याच सामन्याला पुन्हा अडलं, तेव्हा मात्र तिला हसू आलं नाही.

पुढच्या सामन्याला ती मुद्दाम खाली बसून राहिली. दार अर्धवट उघडं ठेवलं, समोर चहा. ढोल वाजला. डोक्यावर पाच हजार माणसं हवेत गेली आणि खाली आली. चहात वरून बारीक रेती पडली. आणि ते उघडं दार, कुणी हात न लावता, सावकाश लागलं. आजाऱ्याच्या खोलीतून पाय न वाजवता कुणी बाहेर पडावं, तसं.

ती तडक साहेबांकडे गेली. क्लबचा सगळा व्यवहार त्यांच्या हातात.

"दार चिकटतं म्हणून रविवारच्या फायनलला स्टँड बंद ठेवू?" साहेब म्हणाले. "अहो, लोक हसतील."

"चौकट वाकतेय साहेब. वरचा भार खाली येतोय."

"हंगाम संपला की इंजिनिअर बोलावू. रविवारी गादीवाले स्वतः येणार आहेत. आणि हो, विभागप्रमुखाच्या जागेसाठी तुमचंच नाव पुढे केलंय मी."

ही जागा ती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मागत होती. आता ती मिळाली तर त्या चिकटणाऱ्या दारावरच तिची पाटी लागणार होती.

घरी तिने बाबांना म्हटलं, "रविवारी नका येऊ."

"का? हरणार आहोत?"

"मी तुम्हाला समोरच्या स्टँडमध्ये चांगली खुर्ची देते."

"आणि मंडळ? त्यांना काय सांगू, मुलगी साहेब झाली म्हणून बापाची जागा बदलली?"

बाबांना उठवलं असतं तरी त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाचे तरी बाबा बसणारच होते.

रविवारी स्टँड काठोकाठ भरला. तिने आवाजाची यंत्रणा सांभाळणाऱ्याला दटावून ठेवलं होतं, ढोल बिघडलाय म्हणून सांग. दहावं मिनिट आलं. ढोल वाजला नाही. क्षणभर सगळं चिडीचूप. तिने श्वास सोडला. तेवढ्यात पेन्शनर मंडळाने टाळ्यांवर ठेका धरला. बाजूच्यांनी उचलला. मग सगळ्या स्टँडने. बाबा हात वर करून मोजत होते, "एक, दोन..."

उडी झाली. तिने लोकांना शिकवली होती, आणि लोक नको तितके छान शिकले होते. खालून, तिच्या ऑफिसच्या बाजूने, करकर असा लांबलचक आवाज आला. आजूबाजूचे लोक हसले. कुणाची तरी खुर्ची मोडली असं त्यांना वाटलं.

धोका आहे असं ओरडावं, तर सगळे एकाच जिन्यावर तुटून पडणार. ती धावत जिना चढून समालोचकाच्या खोलीत गेली, वाटेत एकही फोटो न बघता, आणि माइक ओढून घेतला.

"पूर्व स्टँडसाठी खास योजना!" तिचा आवाज नेहमीसारखाच गोड निघाला. "शेवटच्या शिट्टीपर्यंत जो खुर्चीवरून उठणार नाही त्याला गादी भेट. उठला तो बाद!"

पाच हजार माणसं खाली बसली. नवरे बायकांना खाली ओढू लागले. बाबांनी उभ्या असलेल्या मित्राचा शर्ट धरला. "बस की! डबल बेडची मिळाली तर?" पाहुण्यांच्या कक्षात गादीवाल्यांनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी तिच्याकडे.

आपला संघ एका गोलने मागे होता. शेवटच्या मिनिटाला चेंडू आपल्या पोराकडे आला, समोर एकटा गोलकीपर. गादीसाठी बसलेला माणूस गोलसाठी उठतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? सगळा स्टँड पाय जमिनीत रोवून, कंबर अर्धी उचलून तयार झाला. आणि इतकी वर्षं याच संघावर पोट भरणारी उडीबाई पुटपुटली, "चुकव रे राजा. चुकव."

चेंडू खांबावर आपटून बाहेर गेला. "अरेरे" करून लोक पुन्हा बसले. शिट्टी वाजली.

"गादीची कुपनं बाहेर मिळतील," ती माइकवर म्हणाली. "सगळ्यात खालची ओळ आधी. मग पुढची. घाई करेल तो बाद." ओळीमागून ओळ, लग्नाच्या पंगतीहून शहाण्यासारखे, लोक खाली उतरले.

साहेब तावातावाने आले. "एवढ्या गाद्या काय तुमच्या घरून आणायच्या? आणि उद्या सकाळी जाहिरातीचं शूटिंग आहे याच स्टँडवर. शाळेची मुलं उडी मारणार आहेत."

"चला, माझी पर्स ऑफिसात राहिलीय," ती एवढंच म्हणाली.

साहेबांनी दार ढकललं. मग खांदा लावला. दार तसूभर हललं नाही. पलीकडे रेती गळताना ऐकू येत होती, थांबत नव्हती. साहेबांनी खांदा हळूच काढून घेतला.

"मुलांना... दुसरीकडे उडवता येईल."

तिने स्टँडचं मोठं फाटक ओढून कुलूप लावलं. साहेबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. "प्रमुख व्हायचंय ना तुम्हाला?"

"इंजिनिअर आला की त्याच्या हातात देईन," ती म्हणाली, आणि चालू लागली.

रस्त्यावर बाबा वाट बघत उभे होते. "हरलो, आणि गाद्याही नाहीत म्हणे. पर्स कुठाय तुझी?"

"आत राहिली."

"मी आणतो."

"बाबा, नको."

तिने हे असं म्हटलं की बाबा, आयुष्यात पहिल्यांदाच, का म्हणून न विचारता तिच्यामागे निघाले. पाठीमागे स्टँडमध्ये आता चिटपाखरूही नव्हतं. तरीही तिकडून तीच करकर पुन्हा ऐकू आली, आणि तिने मुठीतली किल्ली घट्ट आवळली.