ताईच्या आवळा सरबताची टेस्ट

मुलुंडच्या एका कॉलेजात मी फूड सायन्सची प्रॅक्टिकल्स घेते. महागडी मशिन्स आमच्या नशिबात नाहीत, म्हणून व्हिटॅमिन सी मोजायला मी मेडिकलमधलं आयोडिन, इंजेक्शनची सिरिंज आणि साबुदाण्याची पेज वापरते. सरबतात थोडी पेज घालायची आणि थेंबथेंब आयोडिन सोडायचं. व्हिटॅमिन आहे तोवर ते आयोडिन फस्त करतं. संपलं की सगळं निळं होतं. जितके जास्त थेंब, तितकं जास्त व्हिटॅमिन. या जुगाडाची मला फार घमेंड होती.

माझी मोठी बहीण बोरिवलीत बचत गट चालवते. तिच्या आवळा सरबताला एका शाळेची ऑर्डर मिळायची होती आणि व्हिटॅमिन किती, ते शाळेला कागदावर हवं होतं. ताई बाटली घेऊन थेट माझ्याकडे आली. थेंब पडत राहिले, निळा रंग काही लवकर येईना. झकास आहे, लिहून देते, असं मी फुशारकीने सांगितलं. त्या आकड्यावर तिने लेबलंही छापून घेतली.

शाळेने बाटली मोठ्या लॅबकडे पाठवली. व्हिटॅमिन सी जवळपास नव्हतंच. उघड्या पातेल्यात तासभर रटरटलेल्या आवळ्यात राहणार काय? ऑर्डर गेली. गटातल्या बायकांनी ताईला खोटारडी ठरवलं. मला कोणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

मग माझं आयोडिन खाल्लं कोणी? ताईला फोन केला. सरबत टिकावं म्हणून तिने सल्फाइटची पावडर घातली होती. तीही आयोडिन खाते. हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! परक्याची बाटली असती तर आत काय काय घातलंय ते आधी विचारलं असतं. ताईला काय विचारायचं, घरचंच तर आहे.

"तू विचारलंच नाहीस गं," ती म्हणाली. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

थोडं ॲसिटोन आधी घातलं, की सल्फाइट गप्प बसतं आणि खरा आकडा दिसतो. मग आवळा उकळू नकोस, एवढं तिला वेळेवर सांगता आलं असतं. ॲसिटोन टेस्टच्या दिवशी माझ्या हातातच होतं. ताईच्या बाटलीवरचं जुनं, चिकट लेबल मी त्यानेच पुसून काढलं होतं.