दोनशेंतली एक काच

समजा, मोटरसायकलच्या हेडलाइटची काच तुमच्या हातात आहे. प्लॅस्टिकचीच, पण कंपनीत तिला काचच म्हणतात. ती ट्यूबखाली तिरकी धरा. केसाएवढा ओरखडा किंवा आत अडकलेला बुडबुडा दिसला तर लाल क्रेटमध्ये टाका, नाहीतर निळ्या. वेळ सहा सेकंद. मग दुसरी. शिफ्ट सुटेपर्यंत चार हजार.

खुटबावचे म्हस्कूमामा रांजणगावच्या एका कारखान्यात हे काम नऊ वर्षं करत होते. त्याआधी वडिलांबरोबर मेंढरं राखली होती. आपल्या कळपात परकी मेंढी घुसली तर ते लांबून, नुसत्या चालीवरून ओळखत.

२००२ साली त्यांच्या खुर्चीशेजारी एक कॅमेरा बसवला. त्यात फिल्मचा रोल नव्हता. नव्या इंजिनिअर साधना मॅडमनी पडद्यावर काचेचा फोटो दाखवला.

"मामा, हे तीन लाख ठिपके आहेत. प्रत्येकाला एक आकडा. शून्य म्हणजे काळाकुट्ट, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढराशुभ्र."

"आन् ओरखडा कितीचा?"

"तेच तर तुमच्याकडून शिकायचंय."

मामांनी दोनशे काचा चांगल्या-वाईट ठरवून द्यायच्या होत्या. कॅमेऱ्याचा निकाल त्यांच्याशी जुळला की तपासणीची खुर्ची बंद आणि मामा पॅकिंगला. महिनाअखेरपर्यंत जुळला नाही, तर कॅमेरा परत जाणार.

शेजारच्या मशीनवरचा जालिंदर म्हणाला, "मामा, चार वाईट काचा चांगल्यात सरकवा की. कॅमेरा येडा ठरंल, खुर्ची तुमची."

"आन् माझ्या डोळ्याला काय सांगू?"

तरी जेवणाच्या सुट्टीत मामांनी दोन वाईट काचा निळ्या क्रेटमध्ये ठेवून पाहिल्या. सुट्टी संपायच्या आत उचलून परत लाल क्रेटमध्ये टाकल्या.

पहिल्या चाचणीत कॅमेऱ्यानं निम्म्या चांगल्या काचा नापास केल्या. धुळीचा कण आणि ओरखडा, त्याला दोन्ही पांढरेच दिसत. साधना मॅडम आठ दिवस आकडे बदलत बसल्या. काही जमेना. खुर्ची टिकवायला आता मामांनी गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं.

नवव्या दिवशी ते उठून मॅडमच्या टेबलाशी गेले.

"मॅडम, ह्यो एका जागी उभा ऱ्हाऊन बघतो. मेंढरू उभं असलं की मलाबी वळखू येत न्हाई, चालाय लागलं की कळतं." त्यांनी काच हातात फिरवली. "ह्यो ओरखडा बघा. हिकडनं चमकतो, तिकडनं इझतो. धूळ कुठनंबी धूळच."

साधना मॅडमनी काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा लावला. एकदा डावा पेटवून फोटो, एकदा उजवा पेटवून. मग एकातून दुसरा वजा केला. धूळ दोन्हीकडे सारखीच होती, ती गेली. ओरखडे तेवढे उरले.

"घ्या!" जालिंदर म्हणाला. "त्याला डोळं दिलं, आता बसा खोकी बांधत."

महिनाअखेर मोठी चाचणी झाली. दोनशेंपैकी एकशे नव्व्याण्णव काचा जुळल्या. एक तेवढी मामांनी नापास केली होती आणि कॅमेऱ्यानं पास. भिंगाखाली धरली, तरी तिच्यात काही सापडलं नाही.

"मामा, चुकून पडली असेल लाल क्रेटमध्ये."

"न्हाई. मी टाकलीया."

"काय दिसलं होतं?"

मामा बराच वेळ काच फिरवत राहिले. "त्ये सांगता येत न्हाई. पर ती आपल्या कळपातली न्हवती."

मॅनेजरना एकशे नव्व्याण्णव पुष्कळ झाल्या. सोमवारपासून मामा पॅकिंगला गेले. ती काच मॅडमनी त्यांनाच दिली. जुन्या हातरुमालात गुंडाळून त्यांनी ती लॉकरमध्ये ठेवली.

चार वर्षांनी कंपनीत नवा कॅमेरा आला. तपासणीच्या खोलीत त्याची जोडणी चालू असताना मामा हातरुमाल घेऊन दारात उभे राहिले.

"मॅडम, ह्याच्यात ठिपकं लई वाढल्यात म्हणं. हिच्यात मला काय दिसलं व्हतं, त्ये सांगंल का ह्यो?"