वायसर मी बदलला

धुळ्यात आमच्या गल्लीला आठवड्यातून एकदा पाणी येतं. लोक बादली-बादली जपतात, आणि माझ्या अंगणातली जमिनीखालची टाकी मात्र भरून रस्त्यावर वाहत होती. एकदा नाही, लागोपाठ तीन वेळा. टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉलकॉक गळत होता. तिसऱ्या वेळी शेजारच्या अक्कांनी मला हाक मारायचीही तसदी घेतली नाही. थेट पुण्याला माझ्या मुलाला फोन लावला. "भाऊ, तुनी मायनी टाकी परत वाही ऱ्हायनी. बठ्ठं पानी गटारमा!"

मुलगा तसा गुणाचा. पण हे गेल्यापासून, म्हणजे दीड वर्षापासून, त्याला मला पुण्याला न्यायचंच होतं. संध्याकाळी त्याने सुनावलं, "आई, अजून एक तक्रार आली की घर भाड्याने देऊन टाकू. एकटीला नाही झेपत, मान्य कर."

फोन ठेवून मी भांडी जरा जोरातच घासली. सुनेबद्दल माझी काही तक्रार नाही, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहाही विचारून करावा लागतो. मला माझ्या घरात राहायचं होतं, बस.

प्लंबर दोनदा "उद्या येतो" म्हणाला. तिसऱ्या उद्याला मी पदर खोचला. पाणी यायला अजून दोन दिवस होते, त्यामुळे पाईप कोरडाच होता. टाकीचं झाकण सरकवलं आणि अंगणात चक्क पालथी झोपले. अक्का गच्चीवरून बघत होत्या. म्हटलं, बघू दे. पक्कडीने बॉलकॉकची पिन काढली, गोळा दांडीसकट हातात आला, मागोमाग पितळी दट्ट्या निघाला. त्याच्या टोकाच्या टोपणात एक रबरी चकती होती, मधोमध खोल वण पडलेली. ती रुमालात बांधून दुकान गाठलं.

हार्डवेअरवाल्याने ती उलटीपालटी केली आणि त्याला हसूच फुटलं. "ताई, हाई वायसर नही, चप्पल शे!"

निळी चप्पल. माझी, न्हाणीघरातली. चार वर्षांपूर्वी त्यातली एक नाहीशी झाली, तेव्हा कुत्र्याने नेली असं ह्यांनी तोंड वर करून सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या कुत्र्याला मी महिनाभर दारात उभं केलं नव्हतं. हे वाढले यावलकडच्या केळीच्या मळ्यात. पाईपाला काही झालं की हाताशी असेल ते कापून बसवायचं, दुकानात जाणं म्हणजे कमीपणा. "वायसर बदलला" म्हणत त्या दिवशी ऐटीत चहा मागितला होता, तेही आठवलं. मला आधी राग आला, मग हसू, आणि हसता हसता रडूच आलं. इतके दिवस वाटायचं, ह्यांना सगळं यायचं आणि मला काहीच येत नाही. ह्यांचंही अंदाजपंचेच चाललं होतं की! जीव हलका झाला.

नवा वायसर बसवताना टोपण निसटून टाकीत पडलं. चहाची गाळणी झाडूच्या दांड्याला बांधून ते बाहेर काढलं. त्या गाळणीचा चहा पुढे काही दिवस घशाखाली उतरेना, पण टोपण बसलं.

पाणी दुपारी आलं. मी टाकीशी स्टूल टाकून बसले. गोळा हळूहळू वर चढला, धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. तरी विश्वास बसेना, अर्धा तास तिथेच बसून राहिले. काठाच्या चार बोटं खाली पाणी गुपचूप उभं होतं. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

मुलाला फोन लावला आणि चपलेसकट सगळं सांगितलं. तो खूप हसला. वाटलं, आता पुन्हा घराचा विषय काढणार.

"आई," तो म्हणाला, "आमच्या फ्लशची टाकीपण महिनाभर गळतेय. येशील का बघायला?"

"येते की," मी म्हटलं. "पण परतीचं तिकीट आधी काढ."